भिंत चालली का?

भिंत चालवणं संतांना जमतं म्हणतात. आमच्या घरात ते माझ्या नणंदेला जमायचं, तेही रोज, आणि पगारी कामाच्या वेळात.

वन्सं सलाइनच्या बाटल्यांच्या कारखान्यात ‘बघणारी’ होत्या. कागदावर त्यांचा हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण सगळा कारखाना त्या चार बायकांना बघणाऱ्याच म्हणायचा. मी त्यांच्या पुढच्या दालनात पॅकिंगला होते. बाटली आधी त्यांच्या डोळ्यांसमोरून जायची, मग माझ्या हातात यायची आणि मी ती खोक्यात भरायची. ही नोकरी मला वन्संनीच लावून दिली होती. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या गप्प बसण्यातून मला ते रोज ऐकू यायचं. नणंद-भावजयीचं नातं आहे, गोड असतं तर त्याच्यावर इतक्या म्हणी झाल्या नसत्या.

आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. आई-वडील लवकर गेले तेव्हा हे शाळेतसुद्धा जात नव्हते. यांना वाढवता वाढवता वन्संचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि त्याबद्दल कोणी हळहळलं की त्या म्हणायच्या, एक पोर पदरात होतंच, नवरा कशाला हवा होता. मी सून म्हणून आले ती नणंदेच्या घरात की सासूच्या, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बघणाऱ्यांची खोली लहान होती. भिंतींना काळे पडदे, समोर मागून उजेड टाकलेली पांढरी काच, आणि काचेपुढून पट्ट्यावर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या बाटल्या. काचेशी यायच्या आधी एक रबरी चाक प्रत्येक बाटलीला गिरकी द्यायचं. बाटली थांबायची, आतलं पाणी मात्र फिरत राहायचं. सगळी कला एवढ्यातच. काचेवरचा ओरखडा जागच्या जागी राहतो. पाण्यात केस, धागा, काचेचा कण असेल तर तो पाण्याबरोबर फिरतो. तसा फिरताना दिसला की बाटली उचलायची आणि लाल ट्रेमध्ये टाकायची. ज्या थोरल्या बाईंनी वन्संना हे काम शिकवलं, त्या म्हणायच्या, “बाटलीकडे बघायचं नाही, बाटलीत बघायचं.” हे पाणी माणसाच्या शिरेत जाणार, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघा वगैरे भाषण त्या देत नसत. तेवढं एकच वाक्य.

एक बैठक अर्ध्या तासाची. ती झाली की दुसरी बाई बसायची आणि उठलेलीनं पलीकडच्या खोलीत बाकावर टेकायचं. बाकासमोर पिवळट रंगाची कोरी भिंत होती आणि तिच्यावर एक घड्याळ. अर्धा तास बाटल्या एका बाजूला जाताना पाहिल्या की ती भिंत, घड्याळासकट, दुसऱ्या बाजूला सरकू लागायची. म्हणजे जागा सोडायची नाही, आणि तरी चालत राहायची. थोडा वेळ चालून मग थांबायची. उठून आलेल्या बाईला बाकीच्या विचारत, “चालली का?” आणि ती म्हणे, चालली. चहा घेतला का विचारावं तितक्या सहज हे विचारलं जायचं. वरच्या साहेब लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक आहे, कारण मलाही एकदा तिथे बसवलं होतं. नोकरीला लागले त्या आठवड्यात थोरल्या बाईंनी मला एक बैठक दिली. मी डोळे फाडून बसले. बाटल्या जात होत्या, आणि मी गॅस बंद केला का ते आठवत होते, शेजारणीनं परवा मारलेल्या टोमण्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते जुळवत होते. पापणीसुद्धा लवू दिली नाही, शपथ. उठून बाकावर बसले. चारही बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. भिंत आपली भिंतीसारखी उभी.

“चालली का?” थोरल्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, चालली. नवीन जागेत उगाच कमीपणा कशाला घ्या.

“कुठल्या बाजूला?”

बाटल्या डावीकडे जात होत्या म्हणून मी डावीकडे बोट दाखवलं. सगळ्या इतक्या हसल्या की सुपरवायझर डोकावून गेला. वन्सं तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना माझी लाज वाटली असावी. थोरल्या बाई म्हणाल्या, “तू बघितलं नाहीस गं. तू नुसती बसली होतीस.” डोळे उघडे ठेवणं म्हणजे बघणं नव्हे, मन दुसरीकडे असलं तर बाटल्या डोळ्यांवरून ओघळून जातात आणि भिंत हलत नाही, हे त्यांनी मला समजावलं. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला पाठवलं. मला राग आला होता. पुढे कित्येक वर्षं मी वन्संना ‘तुमची ती चालती भिंत’ म्हणून टोचत राहिले.

वन्संची भिंत रोज चालायची. थोरल्या बाई गेल्यावर त्याच थोरल्या झाल्या. घरीही त्यांची नजर तशीच. नळाचा एक थेंब, पडद्याची कड, पालीची शेपटी, जे हलेल ते त्यांना आधी दिसे. जे हलत नाही त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी कपाट या भिंतीचं त्या भिंतीला लावलं तर त्या दोन दिवस जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मी केस कापले ते त्यांना कळलंच नाही. ह्यांच्या बाबतीत मात्र हा नियम लागू नव्हता. हे जेवताना नुसते गप्प बसले तरी वन्सं विचारत, पोटात दुखतंय का.

आणि पोटात खरंच दुखत होतं. हे कोणाला सांगत नव्हते. एका सकाळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये, लेथसमोर उभे असतानाच, हे खाली कोसळले. आतला अल्सर फुटला होता. आमच्या कारखान्याचा शिपाई मला निरोप द्यायला आला, मी एप्रनसकट धावत सुटले. जाताना मला दुसरं काही सुचलं नाही. शिपायानं मग बघणाऱ्यांच्या खोलीचा पडदा बाजूला करून वन्संना सांगितलं, भावाला ॲडमिट केलंय, ऑपरेशन करताहेत, वहिनी पुढे गेल्यात.

वन्संची बैठक नुकती सुरू झाली होती. बघणारीनं बदली बाई आल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि पट्टा फक्त सुपरवायझरनं थांबवायचा, असा नियम. सुपरवायझर जागेवर नव्हता, बदलीची बाई जेवायला गेली होती. वन्सं बसून राहिल्या. बाटल्या जात राहिल्या. बैठक संपल्यावर त्या उठल्या आणि सवयीनं बाकावर टेकल्या. हे सगळं मला पुढे त्या बायकांनी सांगितलं. कोणीतरी विचारलं, चालली का? वन्सं भिंतीकडे बघत होत्या. घड्याळ जिथल्या तिथे होतं.

मग त्या परत आत गेल्या आणि लाल ट्रे पाहिला. ट्रेमध्ये रोजच्याइतक्याच बाटल्या होत्या. पण कुठल्या? एकीचं झाकण वाकडं, एकीत पाणी कमी, एकीचं लेबल तिरकं. हात आपोआप उचलतो तसल्या. आत काही फिरतंय म्हणून काढलेली एकही नव्हती.

त्यांनी सुपरवायझरला गाठलं आणि माझ्या बैठकीच्या बाटल्या अडवा, परत बघायला हव्यात, असं सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं ट्रे पाहिला, म्हणाला, बाटल्या काढल्यात की तुम्ही. आत काही नसेल म्हणून तसली सापडली नसेल. वन्सं म्हणाल्या, मी बघितलंच नाही. तो म्हणाला, मी परत येताना पडद्याआडून पाहिलं, तुमची मान सरळ होती, डोळे उघडे होते. वन्सं पुन्हा तेच म्हणाल्या. शेवटी तो म्हणाला, बरं, बाजूला ठेवायला सांगतो, उद्या बघू, आधी तुम्ही दवाखान्यात जा.

बायका सांगतात, वन्सं फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पॅकिंगच्या दारात उभ्या राहिल्या, आणि मग पुन्हा गेल्या. मी तिथे असते तर ती खोकी मी माझ्या अंगावर घेऊन बसले असते. पण मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होते.

वन्सं दवाखान्यात पोचल्या तेव्हा ह्यांना नुकतंच बाहेर आणलं होतं, उशाशी सलाइन लावलेलं. वन्सं दारातून आत आल्या. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. थेट बाटलीपाशी गेल्या, बाटलीला हलकेच अर्धी गिरकी दिली, थांबवली, आणि पाण्यात बघत राहिल्या. मग त्यांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला. मला ते फार लागलं. भाऊ मरणाच्या दारातून परत आलाय आणि बाईला आपल्या कारखान्याची पडली आहे, असं माझ्या मनात आलं. हे अर्धवट शुद्धीत होते. ह्यांनीही ते पाहिलं, पण तसं मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकी जागेवर नव्हती. संध्याकाळचा ट्रक ती घेऊन गेला होता. सुपरवायझर म्हणाला मी पॅकिंगमध्ये सांगितलं होतं, पॅकिंगचा मुकादम म्हणाला आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. वन्सं वर मॅनेजरकडे गेल्या आणि माल परत मागवा म्हणाल्या. कशाच्या आधारावर, असं त्यांनी विचारल्यावर वन्संनी लाल ट्रेचं सांगितलं, आणि भिंतीचंही सांगितलं. मॅनेजर हसले नाहीत. त्यांनी वन्संना आठवडाभर सुट्टी दिली आणि कंपनीच्या खर्चानं डोळे तपासून आणायला सांगितलं. डोळे उत्तम निघाले.

हे वाचले. महिन्याभरात कामावर गेले. घरात आनंद व्हायला हवा होता.

पण वन्सं पाण्याचा पेला उचलला की त्याला अर्धी गिरकी देऊ लागल्या. थांबवायच्या, उजेडाकडे धरायच्या, मग प्यायच्या. पाहुण्यांना पाणी देतानाही तेच. आमच्याकडे पाणी प्यायला माणसं बिचकू लागली. कामावर त्या आता अशा बघायच्या की बाकीच्यांना त्यांच्या शेजारी बसवेना. बैठक संपल्यावर भिंत चालायची ती चालायचीच, आणि शेवटची बैठक असली तर त्या डोळे घट्ट मिटून, माझा हात धरून घरी यायच्या, कारण डोळे मिटले की ती चाल आत साठून राहते. घरी आल्यावर आमच्या भिंतीसमोर बसून डोळे उघडायच्या. थोडी का होईना, चालली की मग त्यांच्या घशाखाली घास उतरायचा. क्वचित नाही चालली तर त्या तशाच बसून राहायच्या. एकदा मी जेवायला हाक मारायला गेले तर म्हणाल्या, “थांबलेल्या भिंतीत मला माणसं दिसतात.” कोण माणसं, मी विचारलं. “तेच तर कळत नाही. तोंड नसतं.”

त्यानंतर त्या खोलीत एकटीनं जाणं मीही टाळू लागले.

मग त्यांनी रविवारचं दवाखान्यांत जाणं सुरू केलं. भेटायच्या वेळेत जायच्या, या वॉर्डातून त्या वॉर्डात. आजाऱ्यांच्या पायाशी उभ्या राहायच्या आणि वर टांगलेली बाटली बघायच्या. त्या बैठकीतल्या बाटल्यांचा बॅच नंबर त्यांच्या डोक्यात कोरला गेला होता. आजाऱ्याला वाटायचं ही नर्सच्या बाजूची, नर्सला वाटायचं ही आजाऱ्याच्या नात्यातली. पुढे पुढे आयाबाया त्यांना बाटलीवाल्या मावशी म्हणून ओळखू लागल्या. कधी मी सोबत जायची, कधी चिडून जायची नाही. एका म्हाताऱ्याच्या उशाशी एकदा त्या बॅचची बाटली खरंच सापडली. वन्संनी तिला गिरकी दिली, बघितलं, पुन्हा गिरकी दिली. पाणी स्वच्छ होतं. मी म्हटलं, चला, झालं तुमच्या मनासारखं. वन्सं तिथेच फरशीवर बसल्या आणि रडल्या. एक स्वच्छ निघाली म्हणून बाकीच्यांचं काय, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा बिचारा घाबरून आपलं दुखणं विसरला.

कारखान्यात तक्रार आली नाही. सुपरवायझर वन्संना मुद्दाम सांगायचा, बाई, काही आलं नाही हो अजून. वन्सं मला म्हणाल्या, ज्याच्या शिरेत तो कण गेला तो तक्रार करायला उरतो कुठे. लोक म्हणतात, ताप चढला आणि गेला.

यात सगळ्यात जास्त पोळले ते हे. एका रविवारी वन्सं चपला घालत होत्या तेव्हा हे म्हणाले, “ताई, मी जिवंत आहे ना? मग पुरे आता.”

वन्सं म्हणाल्या, “तू आहेस. म्हणूनच जाते.”

ह्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की आपल्या जिवाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली, आणि ताई ती किंमत मोजायला हिंडते. खरं सांगते, मीही तसाच घेतला. माझा नवरा वाचला याचा आनंद मला कधी धडपणे करता आला नाही, आणि त्याबद्दल मी वन्संवर मनातून फार राग धरला. हे त्यांच्यासमोर बसायचे बंद झाले. जेवायचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. ज्या बाईनं अंगाखांद्यावर वाढवलं तिच्याशी हे पावसापाण्याचंच तेवढं बोलायचे. दोघंही एका घरात, आणि मी मधे, दोघांच्या ताटल्या इकडून तिकडे नेत.

वर्षं गेली. कारखान्यात बाटल्या बघायला कॅमेरे आले, बघणाऱ्या घरी बसल्या. वन्संच्या ज्या डोळ्यांना उत्तम म्हणून शिक्का मिळाला होता, त्यांच्यावर पडदा आला. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. भिंतीसमोर बसायच्या त्या सवयीनं. शेवटी किडनीचं दुखणं निघालं आणि त्यांना ॲडमिट केलं. खोलीत दोन खाटा, एक रिकामी. वन्संच्या उशाशी काचेची बाटली टांगली. नर्स म्हणाली, हल्ली प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, हे औषध तेवढं अजून काचेत येतं.

संध्याकाळची भेटायची वेळ होती. हे बाहेर व्हरांड्यात बसले होते, नेहमीसारखे. वन्संनी मला हाताने जवळ बोलावलं.

“बाटली बघ.”

मी म्हटलं, “बघितली. स्वच्छ आहे.”

“तू नुसतं म्हणतेस. नीट बघ. काही हललं तर मला सांग, पण बंद करायला सांगू नकोस कोणाला.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. इतकी वर्षं त्या दवाखान्यांतून ती बाटली शोधत हिंडत होत्या, ती दुसऱ्याच्या उशाशी दिसू नये म्हणून तर होतंच, पण ती आपल्या वाट्याला यावी म्हणूनही. ती बॅच संपून किती काळ लोटला, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. मी स्टूल ओढलं आणि बसले.

बाटलीला अर्धी गिरकी दिली आणि थांबवली. दवाखान्यात बसणारं माणूस खालच्या नळीतले थेंब बघतं, टप, टप, सगळे तेच बघतात, मीही ह्यांच्या वेळी तेच बघत होते. मी नजर वर बाटलीत नेली. हवा आत जावी म्हणून टोचलेल्या सुईतून बुडबुडे निघत होते, एकामागून एक वर चढत होते. त्यांच्यामधून पाण्यात काही फिरतंय का ते मी बघू लागले. पहिल्यांदा मला घरचा गॅस आठवला. मग आठवला नाही. खाली थेंब पडताहेत हेही मला दिसेनासं झालं. मला कुठल्याही परिस्थितीत वन्संना खरं उत्तर द्यायचं होतं, आयुष्यात एकदा तरी. मी बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

पाण्यात काही नव्हतं.

मी मान वळवली आणि समोरची भिंत सरकू लागली. रिकाम्या खाटेमागची, पांढरी, मधे एक खिळा असलेली. खिळा जागेवर होता आणि सगळी भिंत त्याच्यासकट चालली होती. माझ्या तोंडून आवाज फुटला असावा, कारण वन्संनी लगेच विचारलं,

“चालली का?”

“चालली.”

“कुठल्या बाजूला?”

“खाली,” मी म्हटलं. “खाली उतरतेय, वन्सं.”

त्या म्हणाल्या, “म्हणजे तू वर चढणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत होतीस. बाटलीत बघितलंस.” माझ्याबद्दल एवढं चांगलं त्या पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. “काही हललं?”

“नाही. स्वच्छ आहे.”

त्यांनी मान फिरवली. सुटका झाल्यासारखा चेहरा नव्हता तो. मग, मी काही विचारलं नसताना, त्या बोलायला लागल्या. त्या दिवशी डोळ्यांसमोरून एवढ्या बाटल्या गेल्या, एकही दिसली नाही. धाकटा दिसत होता. आई गेली त्या दिवशी जिन्याच्या पायरीवर बसला होता तसा, एका पायात बूट आणि दुसरा हातात. सबंध अर्धा तास तो तसाच बसून होता. “मी त्याच्यावरून नजर काढली नाही,” वन्सं म्हणाल्या. “काढता आली असती. काढली नाही. हे त्याला सांगू नकोस, त्याच्या डोक्यावर उगाच ओझं.”

चार दिवसांनी त्या गेल्या.

दवाखान्याचे कागद तयार होईपर्यंत आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो. समोर कोरी भिंत. हे म्हणाले, “माझ्या ऑपरेशनच्या दिवशी ती आत आली ना, तेव्हा तिनं आधी बाटलीकडे पाहिलं. मी डोळे उघडून वाट बघत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.” एवढी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं, त्या अल्सरपेक्षा जास्त.

वन्संनी सांगू नकोस म्हटलं होतं. मी त्यांचं आयुष्यभर ऐकलं नव्हतं, तेव्हा हेही ऐकलं नाही. मी ह्यांना भिंतीचं सांगितलं, ती कशी चालते आणि कशानं थांबते ते. आणि पायरीचं सांगितलं, बुटाचं सांगितलं.

“त्या अर्ध्या तासात त्यांनी तुमच्याशिवाय काही पाहिलं नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर भिंत थांबली.”

ह्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. डावा बूट पायात होता, म्हणाले, उजवा हातात होता. मग वर बघून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आत कोणाच्या तरी खाटेशी नवीन बाटली लावत होते, काचेचा बारीक आवाज येत होता. ह्यांनी मला विचारलं, त्या खोलीत कोण आहे. मी म्हटलं, माहीत नाही. हे उठले, दारापाशी गेले आणि टांगलेल्या बाटलीत बघत उभे राहिले.